वस्तीच्या गाडीवरनं आपलं भांडण अजून मिटलेलं न्हाय

ये इकडं मिलिंदा, बस माझ्याजवळ. ती कोपऱ्यातली खुर्ची धरू नकोस, ती परक्यांची. हितं चटईवर बस आन् मला सांग, असं कुणी जातंय काय रं? कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी तुझी एकच वाक्य बोलण्यात गेली, "चार्ज दिल्याबिगर जागा सोडायची न्हाय." कुणाला च्या प्यायला जायचं झालं तरी मागं माणूस उभा केल्याशिवाय तू सोडत न्हवतास. आन् सोता मात्र भर ड्युटीत, स्टँडावरच्या त्या लोखंडी बाकड्यावर बसल्याबसल्या निघून गेलास. चार्ज कुणाला दिलास? थोरल्या बहिणीला इचारायचीबी रीत ऱ्हायली न्हाय.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहार भरलता. डेपोतले ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, सगळे आलते. जो उठला त्यो एकच बोलला, साहेबांनी कधी आवाज चढवला न्हाय, कधी कुणाशी वाद घातला न्हाय. तुझी बायकू शोभा मान खाली घालून रडत हुती आन् मला मात्र तोंडाला पदर लावून हसू दाबायला लागलं. ह्यांनी आपल्या दोघांचं भांडण ऐकलं असतं म्हंजे कळलं असतं साहेबांचा आवाज कुठवर चढतोय त्ये. तुझ्या फोटोम्होरं मेणबत्ती लावतानासुदीक माझ्या मनात त्येच चाललं हुतं. बाकीच्यांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. मी ऱ्हायलेलं भांडण पुरं करायला बसलेय.

कशावरनं भांडण, तर वस्तीच्या गाडीवरनं. ज्यांना ठाऊक न्हाय त्यांच्यासाठी सांगते, तू ऐकून घे. आमच्या वाडीला दिवेलागणीला एक बस येती. ती रात्री माघारी जात न्हाय, वाडीतच ऱ्हाती आन् पहाटं माणसं भरून स्टँडावर जाती. तिलाच वस्तीची गाडी म्हणत्यात. ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपत्यात आन् त्यांचं जेवण घराघरातनं पाळीनं जातंय. आज पाटलाचं घर, उद्या आमचं, परवा कुंभाराचं. ही पाळी मोडल्याली मी सून होऊन आल्यापासनं बघितली न्हाय. घरात दोन भाकरी असल्या तर त्यातली एक गाडीची.

ती गाडी गेली की वाडीचं चुलीपासनं शाळेपर्यंत सगळं थांबतंय. तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायका, भाजीच्या बुट्ट्या, डॉक्टरकडं निघालेलं म्हातारं माणूस, नर्सिंगला जाणारी माझी नात अश्विनी, सगळी त्या एका गाडीवर. ती न्हाय आली तर बोरगावच्या फाट्यापतोर चालत.

आन् तू आमाला गाडी कसली दिल्यालीस? डेपोत तिच्यापेक्षा जुनं काय असंल तर त्यो वडाचा पार. खिडक्या उघडल्या की मिटायच्या न्हाईत, मिटल्या की उघडायच्या न्हाईत. पावसात आतल्या बायका छत्री धरून बसायच्या. बॅटरीचा तर भरवसाच न्हवता. म्हणून तुझ्या सांगण्यावरनं महादेवप्पा ड्रायव्हर रोज सांजच्याला गाडी विहाराम्होरच्या उताराला तोंड करून लावायचा, म्हंजे पहाटं ढकलली की गडगडत जाऊन सुरू व्हायची. कोण ढकलणार? आमीच. वखारीच्या बायका पदर खोचून मागं लागायच्या. सदलग्याकडचा तुझा महादेवप्पा, घरात सगळं कन्नड, त्याचं मराठी आपल्याला ठाऊकच हाय. आतनं मुंडी काढून म्हणायचा, "आक्कार, गाडी तुमचा, ताकद बी तुमचा, मी नुसता ब्रेक."

गाव काय बोलायचं त्ये तुला कधी ऐकू आलं न्हाय. मला रोज ऐकायला लागायचं. शेजारची शांता गाडी ढकलता ढकलता म्हणायची, "डेपोत भाऊ बसलाय म्हणं हिचा. भाऊबीजेच्या ओवाळणीत ही खटारी घातलीया बघा." सगळ्या हसायच्या. मीबी हसायची आन् घरी येऊन तुला फोन लावायची.

तुझं उत्तर ठरलेलं. पहिल्यांदा दिलंस तवा तू माझ्या चुलीम्होरं बसून हुलग्याचं माडगं पीत हुतास. म्हणालास, "आक्का, डेपोत गाड्या कमी आन् रूट जास्त. सकाळी लांब पल्ल्याची एक गाडी बिघडली की आमी काय करतो? खेड्याच्या रूटावर बरी गाडी कुठं हाय ती बघतो आन् तिकडं लावतो. खेड्याला त्या दिवशी गाडी न्हाय. बरी गाडी दिली की ती जाणार. तुमची ही खटारी कुणी मागत न्हाय म्हणून रोज येती. मागून घेतलेली गाडी माघारी नेत्यात, उरलेली कुणी नेत न्हाय."

पटण्यासारखंच बोललास. तुझं सगळंच पटण्यासारखं असायचं, त्येच तर दुखणं. पर शेवटचं त्ये वाक्य माझ्या काळजात घुसलं. उरलेली. तू कुणाचा ल्योक हैस त्ये इसरलास काय, म्हटलं.

आई वखारीत तंबाखू चाळायची तवाची गोष्ट. मालकाच्या घरी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला बोलवून सगळ्या बायकांना उरलेलं अन्न वाढलं, बुंदी, भात, वरण. तू माझ्या कडेवर हुतास आन् बुंदीकडं बघून नुसता हात हलवत हुतास. आईनं पदर पसरला न्हाय. मला म्हणाली, चल गं. घरी येऊन तिनं कण्या शिजवल्या, नुसत्या मिठाच्या, आन् आपल्याला वाढताना म्हणाली, "उरलेली बुंदी खायाची न्हाय. आपल्या ताज्या कण्या बऱ्या. मागायचं तर पंगतीत बसून मागायचं." तू लहान हुतास, तुला त्ये आठवत न्हवतं. मी तुला किती डाव सांगितलं. सांगितलं की तू हसायचास, "आक्का, बस म्हंजे बुंदी न्हवं."

मी म्हणायची, बुंदीच हाय.

तरी तुझं सगळं वाईट म्हणत न्हाय रं मी. त्ये म्हणाय लागले तर माझीच जीभ झडंल. तुला नोकरी लागली त्या वर्षी तू मला स्टँडावर बाकड्यावर बसवलंस आन् समोर लागणाऱ्या गाड्यांचे बोर्ड वाचून दाखवलेस. मला मराठी अक्षर आपलं आपण जुळवून येत हुतं, कन्नड मात्र नुसत्या जिलेब्या वाटायच्या. तू म्हणालास, "गाव तुला ठाऊक हाय, गाडी कुठं जाती ठाऊक हाय, मग अक्षर कुठं पळंल?" चिकोडीची गाडी लागली की चिकोडीची अक्षरं, बेळगावची लागली की बेळगावची. अशी मी गाड्यांवरनं कन्नड वाचायला शिकले. मास्तरांनी ज्ये केलं न्हाय त्ये तुझ्या बोर्डांनी केलं. आज औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, कुणाच्या तोंडाकडं बघायची पाळी येत न्हाय मला.

आन् त्या बाकड्यावरनंच मी तुला काम करताना बघितलं. गळ्यात शिट्टी, कानाला फोन. हिकडं एक ड्रायव्हर आजारी, तिकडं एका गाडीचा टायर बसल्याला, तिसरीकडं कॉलेजची पोरं दारात लोंबकळत्यात आन् कंडक्टर "मुंद होग्री, मुंद होग्री", म्होरं सरका म्हणून घसा फोडतोय. ह्या रूटाची गाडी त्याला लाव, त्याचा ड्रायव्हर ह्याला दे. जशी आई एका तव्यावर सगळ्यांच्या भाकरी करायची तसं तू एवढ्याशा गाड्यांत सगळी गावं भागवायचास. घरी आलास की बोलायचं अवसान नसायचं. पायाची सूज दिसायची. मी पाणी गरम करून द्यायची आन् तू पाय बुडवून बसायचास. तवा आपण भांडत न्हवतो. त्ये दिवस मला पायजे तेवढे मिळाले न्हाईत.

शेवटचा फोन मात्र भांडणाचाच. बायकांना तिकीट माफ झाल्यापासनं गाडीत मुंगीला जागा न्हाय, पोरी पायरीवर उभ्या ऱ्हात्यात, त्या दिवशी पायरीचा पत्राच निसटला. कुणाला लागलं न्हाय, पर मी पेटले. म्हटलं, "आता मला पटवून सांगू नकोस. चांगली गाडी दे. न्हेली तर आमी बघू काय करायचं त्ये."

तू म्हणालास, "काय करणार तुमी? आक्का, तू डेपोत बसून बघितलंयस काय कधी?"

"बसते की. उद्या येऊन बसते."

"मग ये," म्हणालास, "च्या पाजतो." आन् फोन ठेवलास. रागानं ठेवलास का हसत, त्ये मला आजूनबी उमगलं न्हाय. मी दुसऱ्या दिवशी गेले न्हाय, शेंगा वाळत घातल्या हुत्या. त्यानंतर तुला बघितलं त्ये अंगावर फुलं घातल्यालाच.

आता पुढचं ऐक. तू गेल्यावर डेपोत नव्या गाड्या आल्या. तुझ्या जागेवर तरणा कंट्रोलर आलाय, चांगला हाय पोरगा, आन् तुझ्या आठवणीखातर असंल न्हायतर नव्याची हौस असंल, त्यानं पहिल्या झटक्यात एक कोरी गाडी आमच्या वाडीला लावली. महादेवप्पा हॉर्न वाजवत आला. सगळी वाडी रस्त्यावर. शांतानं निरांजन आणलं, आमी झेंडूचा जाड हार केला, समोरच्या काचंखाली बांधला. पोरींनी फोटो काढून मोबाईलवर सगळ्या जगाला दाखवले. मी आत जाऊन खिडकीकडंला बसले, काच उघडली, मिटली, परत उघडली. तुला म्हटलं मनात, बघ. मागितली की मिळती.

आठवडा काय धड झाला न्हाय. एका सांजेला गाडी आलीच न्हाय. महादेवप्पाचा फोन आला, "आक्कार, बेळगावची नॉनस्टॉप बिघडला. आपला गाडी तिकडे लावला. जुना गाडी मोडीत काढला. आज वस्ती नाही." पाळी कुंभाराची हुती, त्यांच्या घरात भाकरी झाकून ठेवल्या त्या तशाच ऱ्हायल्या. पहाटं पोरी अंधारात फाट्यापतोर चालत गेल्या. अश्विनीची परीक्षा हुती, ती उशिरा पोचली, बसू दिलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवशीबी त्येच.

शांता माझ्या दारात आली. ह्या डावाला तिनं टोमणा मारला न्हाय. म्हणाली, "तुझा भाऊ शाणा हुता गं. आपल्यालाच कळलं न्हाय."

मिलिंदा, त्या वक्ताला मला तुझा जेवढा राग आला तेवढा तू हुतास तवाबी आला न्हवता. मरून जिंकलास तू. हो म्हणायला, न्हाय म्हणायला समोर न्हाईस आन् शब्द न् शब्द तुझा खरा. मी शांताला म्हटलं, "शाणा हुता, कबूल. पर त्यो म्हणाला त्ये चालतंय म्हणून त्ये बरोबर हाय असं न्हाय. चल, बायकांना बोलव. मी त्याला डेपोत येऊन बसते म्हणालते. बसायचं ऱ्हायलंय माझं."

गेलो. चालत फाट्याला, तिथनं मिळंल त्या गाडीनं स्टँडावर. बेळगावच्या जागेवर आपली गाडी उभी. बोर्ड बेळगावचा, आन् काचंखाली आमचा झेंडूचा हार सुकून तसाच बांधल्याला. महादेवप्पानं आमाला बघितलं आन् दुसरीकडं बघितलं, जसं काय आमी कधी त्याला वाढलंच न्हाय. पर दार उघडं ठेवलं त्यानं. आमी सगळ्या आत जाऊन बसलो.

तुझा तरणा कंट्रोलर धावत आला. "आज्जी, ही बेळगावची गाडी. बोर्ड वाचा की."

"वाचलाय बाबा. माझ्या भावानं शिकवलंय वाचायला. बोर्ड तू काल लावलास. खालचा हार आमी बांधलाय, त्यो तू वाच."

बेळगावला जाणारी माणसं बॅगा घेऊन खाली खोळंबली. त्यातला एक इस्त्रीचा शर्ट म्हणाला, "तिकीट न्हाय, दिडकी न्हाय, आन् वर हट्ट बघा."

शांता खिडकीतनं निम्मी बाहेर. "आमचं तिकीट सरकार भरतंय. तुमचं कोण भरतंय, सासरा?"

खाली दोघंचौघं हसले. इस्त्रीच्या शर्टालाबी हसू आलं, त्ये त्यानं रुमालानं पुसलं. कंट्रोलर मात्र हसला न्हाय. त्याचे डोळे लाल, शिट्टी गळ्यात लोंबत्याली, एका हातात सारखा वाजणारा फोन. तुझ्यासारखाच एका पायावर भार टाकून उभा हुता. वाटलं, उठून त्याला बसायला जागा द्यावी. पर उठले न्हाय.

म्हणाला, "आज्जी, माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं? बेळगावची गाडी क्लच जाऊन पडलीया. ही माणसं कशानं धाडू?"

"ढकलायच्या गाडीनं धाड."

"अशा गाडीनं नॉनस्टॉप धाडत्यात काय?"

"मग वाडीला कशा धाडत हुता? ह्या लोकांना म्हणावं एक दिस तुमीबी ढकला. कसं ढकलायचं त्ये आमच्या बायका शिकवतील, फुकट."

त्यो महादेवप्पाकडं वळला, "तुमी तरी सांगा ह्यांना." महादेवप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसल्याला. म्हणाला, "साहेब, हे पॅसेंजर आहे. पॅसेंजर उतरला नाही तर मी काय करणार. मी नुसता ब्रेक."

त्या पोरानं लई वेळ फोन केले. शेवटी कुठनं तरी दुसरी गाडी आली, बेळगावची माणसं तीत बसून गेली आन् आमी आपल्या गाडीत बसून वाडीला आलो. पायरीवर कुणी उभं न्हवतं. उतरताना त्या कंट्रोलर पोराचं निघतानाचं बोलणं मला सारखं आठवत हुतं, "आज्जी, आजचं झालं. उद्याचं मी सांगत न्हाय." मी म्हटलंतं, "आमी सांगतो. उद्याबी आमी हाय."

आता तू काय म्हणशील त्ये मला तोंडपाठ हाय. आक्का, ती दुसरी गाडी कुठनं आली इचारलंस काय? इचारलं. मी तुझी बहीण हाय. पल्याडच्या धनगरवाड्याची दुपारची फेरी त्या दिवशी रद्द झाली. तिथल्या बायका डोक्यावर बुट्ट्या घेऊन चालत गेल्या. मला कळलं तवा मी ताटावरनं उठले. तू ज्याला भीत हुतास त्ये हेच. एकाला वाढलं की दुसऱ्याचं ताट मोकळं. म्हणून तू आमाला कुणाच्या डोळ्यात न येणारी गाडी देऊन झाकून ठेवलंस. भाऊ म्हणून तुला दुसरं काय सुचणार हुतं? त्या खटाऱ्यानं वाडीतल्या किती पोरी शिकून नोकरीला लागल्या त्ये मी डोळ्यानं बघितलंय. त्ये तुझं देणं हाय, मी नाकारत न्हाय, शांताबी नाकारत न्हाय.

पर मी दुसऱ्या दिवशी धनगरवाड्याला गेले. तिथं एकीच्या दारात बसून म्हटलं, तुमची फेरी आमच्यापायी गेली. ती कपाळाला आठी घालून म्हणाली, "मग आता काय, आमी तुमची गाडी अडवायची?" म्हटलं, न्हाय. म्होरल्या डावाला आमच्या संगं येऊन बसा. तुमची न्हेली तर आमी येऊन बसतो. सगळ्या वाड्यांच्या बायका एकदम बसल्या म्हंजे वरच्यांना कळंल, गाड्या कमी हायत, बायका जास्त न्हाईत.

ती लगेच हो म्हणाली न्हाय. कोरा च्या दिला तिनं. पर काल परत आमची गाडी बेळगावला लावायचं चाललं हुतं, तवा आमी स्टँडावर पोचायच्या आधी धनगरवाड्याच्या बायका आत बसल्यालत्या.

तर असं हाय. भांडण मिटल्यालं न्हाय. डेपो नमला न्हाय, आमीबी न्हाय. उद्या काय हुईल मला ठाऊक न्हाय. तुझं खरं का माझं खरं, त्ये अजून रस्त्यावर हाय. एक मात्र सांगते, आईचं वाक्य मी खाली पडू दिल्यालं न्हाय. पंगतीत बसून मागितलंय.

नवी गाडी बटन दाबलं की सुरू हुती, तरी महादेवप्पा सांजच्याला ती उताराला तोंड करूनच लावतोय. म्हटलं, "कशाला रं आता?" तर म्हणतोय, "साहेबांनी सांगितला होता. मी बदलणार नाही." म्हटलं, लाव बाबा. तेवढं तुझं ऱ्हाऊ दे.

आज जेवणाची पाळी आमची हाय. हुलग्याचं माडगं केलंय, मागं तू म्हणालास तसं लसूण जास्त घालून. दोन ताटं गाडीच्या माणसांची, तिसरं मी झाकून ठेवलंय. आपल्यात मेल्यालं माणूस माघारी येत न्हाय, आत्माबित्मा आपण मानत न्हाय, त्ये सगळं मला ठाऊक हाय, विहारात मीच बाकीच्यांना सांगते. तरीबी सांगते तुला. गाडी दिवेलागणीला येती, बोर्ड वाडीचा हाय, खिडकीकडची जागा धरून ठेवलीया. काच आता नीट उघडती. रागावून का हुईना, भांडायला का हुईना, पर ये रं. लई दिस लावू नकोस.